नाक, अब्रू आणि श्वास

‘नाकाचे हाड वाढले आहे’ हे वाक्य मराठी घरात कधी ना कधी ऐकू आलेले असते. सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही, रात्री तोंड उघडे ठेवून झोपावे लागते, घोरण्याने घरचे हैराण होतात, आणि मग डॉक्टरांकडे जाऊन आलेला माणूस हे निदान घरी घेऊन येतो. खरे पाहता बहुतेक वेळा त्यात वाढलेले काही नसते. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो, आणि त्या पडद्याचा पुढचा मोठा भाग हाडाचा नसून कूर्चेचा असतो. हाडापेक्षा मऊ, मांसापेक्षा ताठ आणि वाकवून सोडली की पुन्हा जागेवर येणारी ही वस्तू. कानाची पाळी सोडून कानाचा बाकीचा भाग दुमडून पाहिला की कूर्चा म्हणजे काय ते लगेच कळते.

हे चुकीचे निदान आपल्या बोलण्यात इतके घट्ट बसले आहे, याचे एक कारण असे असावे की नाकाच्या आत काय आहे याच्याशी आपल्या भाषेला फारसे कर्तव्य नाही. मराठीतले नाक मुख्यतः बाहेरून दिसणारे नाक आहे. ते वर असते किंवा कापले जाते. ते मुरडता येते, घासावे लागते, खुपसता येते. कोणाच्या नाकावर माशी बसत नाही, तर कोणाला नाकापेक्षा मोती जड होतो. या साऱ्यांत नाक म्हणजे प्रतिष्ठा. श्वासाचा विचार करणारी म्हण शोधायला गेले तर पटकन एकच आठवते: नाक दाबले की तोंड उघडते. तीही आपण वापरतो ती दुसऱ्याची कोंडी करण्यासाठी.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही असाच, बाहेरून सांगितला गेला आहे. कापलेले नाक, गेलेली अब्रू आणि ती परत मिळवून देणारा शल्यविशारद, अशी त्या गोष्टीची ठरलेली चौकट आहे. त्या गोष्टीत पुण्याला मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र तीच गोष्ट नाकाच्या आतून, म्हणजे कूर्चेच्या आणि श्वासाच्या बाजूने वाचली, तर काही वेगळ्याच गोष्टी नजरेस येतात. हा लेख त्या वाचनाचा प्रयत्न आहे.

*

प्रथम रचना पाहू. चष्मा टेकतो तिथे नाकाला बोट लावले तर घट्ट हाड लागते. बोट खाली सरकवत आणले की एका ठिकाणी हाड संपते आणि नाक डावी-उजवीकडे हलू लागते. तिथून शेंड्यापर्यंत कूर्चेचे राज्य. मधोमध एक चौकोनी पडदा उभा असतो. मांडवाच्या मधल्या खांबासारखा तो सगळा भार पेलतो. त्याच्या वरच्या कडेपासून दोन्ही बाजूंना दोन पाती छपरासारखी उतरतात. त्यांच्या खाली शेंड्याजवळ आणखी दोन कूर्चा कमानीसारख्या वळलेल्या असतात. नाकपुड्यांची तोंडे उघडी राहतात ती मुख्यतः त्यांच्यामुळे. या सांगाड्यावर बाहेरून त्वचा आणि आतून ओलसर, नाजूक श्लेष्मल त्वचेचे अस्तर. म्हणजे नाकाचे थर तीन: बाहेर कातडी, मध्ये कूर्चा, आत अस्तर. पुढच्या साऱ्या इतिहासात हे तीन थर लक्षात ठेवले पाहिजेत.

छपरासारखी उतरणारी पाती मधल्या पडद्याला जिथे मिळतात तिथे एक अरुंद कोन तयार होतो. तो जेमतेम 10 ते 15 अंशांचा. श्वासाच्या संपूर्ण वाटेतली सर्वांत अरुंद चिंचोळी जागा ती हीच. नाकाने घेतलेल्या हवेला फुफ्फुसापर्यंत जाताना जो अडथळा होतो, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या नाकात होतो, आणि नाकातला बराचसा या चिंचोळीपाशी. पी. जे. मिंक या डच वैद्यकाने 1903 मध्ये या जागेला नाकाची झडप असे नाव दिले.

झडप म्हणायचे कारण असे. अरुंद जागेतून हवा वेगाने वाहू लागली की तिथला दाब कमी होतो आणि बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात. कूर्चा ताठ असेल तर ती या ओढीला दाद देत नाही. ती दुबळी असेल, तर माणूस जितक्या जोराने श्वास ओढेल तितकी नाकपुडी मिटत जाते. शिवाय नळीची रुंदी थोडीशी कमी झाली तरी तिच्यातून वाहणारी हवा कितीतरी पटींनी कमी होते. त्यामुळे इथे मिलिमीटरभराचा फरकही जाणवतो. वाचकाला याची प्रचिती बसल्या जागी घेता येईल. नाकाच्या बाजूची गालाची कातडी दोन बोटांनी कानाच्या दिशेला हलकेच ओढावी आणि श्वास घ्यावा. झडपेपाशी अडचण असणाऱ्यांना वाट एकदम मोकळी झाल्यासारखी वाटते. शिकागोच्या मॉरिस कॉटल यांच्या नावाने ही चाचणी आजही डॉक्टर करतात. काही खेळाडू नाकावर आडवी पट्टी चिकटवून मैदानात उतरतात, तिचेही काम हेच, बाजूच्या भिंती बाहेर ओढून धरण्याचे.

दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा या चिंचोळ्या वाटेने आत जाते. वाटेत ती कोमट होते, ओली होते, गाळली जाते. हे सगळे निमूटपणे चालू असते, आणि म्हणूनच ते इतिहासाच्या नजरेतून सुटले असावे. चेहरा सगळ्यांना दिसतो. श्वास ज्याचा त्यालाच कळतो.

*

आता पुण्याकडे येऊ. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात एक पत्र छापून आले. खाली फक्त दोन आद्याक्षरे होती. पत्रात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत होती. नावावरून तो पारशी वाटतो, पण पत्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणते. तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा गाडीवान होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा श्रीरंगपट्टणपर्यंत गेल्या होत्या. त्या धामधुमीत कावसजी टिपूच्या हाती लागला, आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडण्यात आले. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार. त्याचे नाव पत्रात नाही. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे मात्र आहेत. त्यांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती.

पत्राबरोबर एक चित्र होते. ते मुळात काढले जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची आज परिचित असलेली चित्रे याच वेल्सची. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तो तेव्हा पुण्यात होता. ज्या कुंचल्याने पेशवा रंगवला, त्याच कुंचल्याने एक थोटा गाडीवान रंगवला, तो केवळ त्याच्या नाकासाठी.

शस्त्रक्रियेची रीत पत्रात बारकाईने दिली आहे. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवून ते थोटकावर बसवून पाहायचे. आकार मनाजोगता झाला की तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहते. मग नाकाच्या थोटकाच्या कडा ताज्या करायच्या, भोवती खाच पाडायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक पाच-सहा चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवायचे. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापून नाक नीटस करायचे.

वाचणारे येथवर येऊन थक्क होत, आणि आजही होतात. मात्र या वर्णनात एक छोटेसे वाक्य आहे, ज्याच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. दहाव्या दिवशी नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे, असे ते आहे. चेहऱ्याच्या दुरुस्तीशी या तुकड्यांचा थेट संबंध नाही. हा बंदोबस्त आतल्या वाटेचा आहे.

त्या कारागिराला हे का करावे लागत होते, हे तीन थरांच्या हिशेबाने पाहिले की कळते. कपाळावरून आणलेल्या कातडीने नाकाचा फक्त बाहेरचा थर मिळत होता. आत अस्तर नव्हते आणि मध्ये कूर्चा नव्हती. कातडीची आतली बाजू उघड्या जखमेसारखी राहते. अशी जखम भरताना आक्रसते, आणि आक्रसताना नाकपुडीचे तोंड आत ओढून घेते. तोंड उघडे धरून ठेवायला कूर्चेच्या कमानी नाहीत. म्हणजे नाक बाहेरून जितके चांगले जमेल तितकेच ते हळूहळू आतून मिटण्याचा धोका. दहा दिवसांनी कापड घालण्याची सूचना अनुभवातून आली असणार. बाहेरच्यांनी चेहरा पाहिला. त्या कुंभाराने आत काय घडते तेही पाहिले होते.

हे शहाणपण त्याच्याही आधीचे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याचा विधी आहे. तिथे कातडी गालावरची घ्यायची आहे आणि माप झाडाच्या पानाने. कपाळाची रीत तिथे नाही; ती पुढे कारागिरांच्या घराण्यांतून चालत आलेली दिसते. उत्तरेत कांगड्याला अशी एक परंपरा प्रसिद्ध होती. मात्र सुश्रुताच्या विधीत नाक बांधताना दोन नळ्या घालायला सांगितल्या आहेत. पुण्याच्या कापडाच्या तुकड्यांचे हे जुने रूप. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार सांगताना नाक, कान, मान आणि डोळ्यांचे कोश या ठिकाणच्या हाडांना ‘तरुण’ म्हटले आहे. कूर्चेसाठी याहून सुंदर शब्द मला माहीत नाही. पण या ‘तरुण’ हाडाचे आणि श्वासाचे नाते काय, तो नसताना नाक टिकेल कसे, या प्रश्नाला तिथे उत्तर नाही. प्रश्न ओळखून त्यावर नळीचा उपाय करणे एवढ्यावर ती परंपरा थांबली.

*

पुण्याची हकिकत वाचून लंडनमधल्या जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू या शल्यविशारदाने मृतदेहांवर सराव केला, आणि 1814 च्या ऑक्टोबरमध्ये चेल्सी येथील रुग्णालयात एका लष्करी अधिकाऱ्यावर ती शस्त्रक्रिया केली. यकृताच्या दुखण्यावर पाऱ्याची औषधे घेऊन या अधिकाऱ्याचे नाक गेले होते. दुसरा रोगी आल्बुएराच्या लढाईत जखमी झालेला. 1816 मध्ये कार्प्यूचे पुस्तक निघाले, आणि ‘भारतीय पद्धत’ हे नाव युरोपभर रूढ झाले. त्याआधी इटलीत बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी याने दंडाच्या कातडीने नाक करण्याच्या पद्धतीवर 1597 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता, पण ती विद्या मागे पडली होती. कपाळाची कातडी दंडापेक्षा जवळची, जाड आणि रक्ताने भरलेली. रोग्याला हात चेहऱ्याला बांधून आठवडेच्या आठवडे बसावे लागत नाही. पुण्याची रीत जिंकली ती या गुणांवर.

तिच्यातली उणीव मात्र युरोपातही तीच राहिली. नवे नाक काही महिन्यांत चपटे होई, नाकपुड्या अरुंद होत. या उणिवेवर एक महत्त्वाचे उत्तर सापडले ते पुन्हा भारतातच, आणि मराठी राज्यात. इंदूरला रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डी. एफ. कीगन यांनी नाकाच्या उरलेल्या भागावरची कातडी उलटी खाली वळवून तिचे आतले अस्तर केले, आणि त्यावर कपाळाची कातडी आणली. आता कच्ची जखम आत उघडी राहत नव्हती, त्यामुळे आक्रसणे कमी झाले. 1900 मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच सुमारास जुनागढचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी 1889 मध्ये शंभर रोग्यांच्या शस्त्रक्रियांची नोंद प्रसिद्ध केली होती.

एवढी नाके कापली जात होती, हे या आकड्यांमागचे भयंकर वास्तव. काठेवाडात बहारवटिये नाके कापत. कीगन यांच्याकडे येणाऱ्यांत संशयी नवऱ्यांनी नाक कापलेल्या बायकाच मोठ्या संख्येने होत्या. पंचवटीतल्या शूर्पणखेच्या कथेवरून नाशिकचे नाव पडले असे लोक सांगतात. ती कथा आपण सहज सांगून जातो. इंदूरच्या त्या बायकांसाठी ती कथा नव्हती. चेहरा परत मिळणे म्हणजे घराबाहेर पडता येणे. त्यामुळे अब्रूच्या बाजूने सांगितलेला इतिहास खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो अपुरा आहे. नवे नाक घेऊन घरी गेलेल्या बाईला रात्री श्वास घेता येत होता का, हा प्रश्न विचारायला साधनेच अजून तयार व्हायची होती.

*

ती साधने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. लहान आरसा आणि परावर्तित उजेड यांनी नाकाच्या आत पाहणे शक्य झाले. व्हिएन्नाच्या एमिल झुकरकांडल यांनी नाकाच्या अंतर्भागाची शरीररचना सविस्तर लिहिली. 1884 मध्ये कोकेनने अवयव बधिर करता येतो हे कळले आणि नाकाच्या आत काम करणे रोग्याला सोसवेनासे राहिले नाही. पहिल्यांदाच डॉक्टर आतून नाक पाहू लागले, आणि पहिलेच जे त्यांना दिसले ते म्हणजे वाकडा पडदा.

शिकागोचे ओटो फ्रीअर यांनी 1902 मध्ये आणि जर्मनीतले गुस्ताव किलियन यांनी 1904 मध्ये वाकड्या पडद्यावरची शस्त्रक्रिया मांडली. दोन्ही बाजूंचे अस्तर जपून मधली वाकडी कूर्चा आणि हाड काढून टाकायचे, ही तिची कल्पना. श्वासासाठी केलेली ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. किलियन यांनी वरची आणि पुढची कड राखून ठेवायला सांगितले होते. मांडवाचा खांब उभा राहिला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनी ते ऐकले नाही किंवा हात सैल सोडला, त्यांच्या रोग्यांची नाके काही काळाने मध्येच खोगिरासारखी बसली. अडथळा काढायला गेले आणि आधारच काढला, असे ते झाले.

दुसरीकडे सौंदर्याची शस्त्रक्रिया जन्माला येत होती. अमेरिकेत जॉन रो यांनी 1887 मध्ये नाकाच्या आतून शिरून शेंडा लहान करून दाखवला. बर्लिनच्या जाक जोसेफ यांनी 1898 मध्ये एका तरुणाचे मोठे नाक लहान केले. नाकामुळे त्याला लोकांत जाणे नकोसे झाले होते. जोसेफ स्वतः ज्यू होते, आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांत अनेक ज्यू होते. आपण ओळखू येऊ नये म्हणून नाक बदलावे लागणे, हा अब्रूच्या इतिहासातला आणखी एक कडू अध्याय. जोसेफ यांनी नाकाचा उंचवटा काढण्याची जी पद्धत घालून दिली, ती दशकानुदशके प्रमाण मानली गेली. पण उंचवटा काढताना छपराची पाती मधल्या पडद्यापासून सुटत. बाहेरून नाक सरळ आणि सुरेख दिसे. आत मात्र ती पाती निराधार होऊन घसरत, कोन मिटे, झडप बंद होई. काही रोग्यांना हे वर्षानुवर्षांनी जाणवे, आणि तक्रार घेऊन गेले की त्यांना आरसा दाखवला जाई: नाक तर छान दिसते आहे!

या चुकीचे मोल उशिरा कळले. कॉटल आणि त्यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला पडदा काढून टाकण्याऐवजी सरळ करून पुन्हा जागेवर ठेवण्याचा आग्रह धरला. लॉस एंजेलिसचे जॅक शीन यांनी 1984 मध्ये पडदा आणि पाती यांच्यामध्ये कूर्चेच्या काडीएवढ्या पट्ट्या पाचरीसारख्या बसवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. कोन पुन्हा उघडतो आणि नाकाची रेषाही नीट राहते. ही काडी बहुधा रोग्याच्याच पडद्यातून घेतात. पुरेशी नसली तर कानाची किंवा बरगडीची कूर्चा. शतकाच्या सुरुवातीला जी फेकून दिली जात होती, ती कूर्चा शतकाच्या अखेरीस काडी काडी जपली जाऊ लागली.

कूर्चा इतकी जपावी लागते याला आणखी एक कारण आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिला चिकटलेल्या पातळ आवरणातून होते. मुलाच्या नाकावर चेंडू बसला आणि पडद्याच्या आवरणाखाली रक्त साचले, तर कूर्चा त्या आवरणापासून तुटते आणि काही दिवसांत मरते. बाहेरून फक्त सूज दिसते. नाक बसते ते पुढे. म्हणून मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, तर ती सर्दी समजून थांबू नये. रक्त वेळेवर काढले तर नाक वाचते.

*

तिन्ही थर एकत्र आणण्याचे काम पहिल्या महायुद्धाने करवून घेतले. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे उद्ध्वस्त होत होते. इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरोल्ड गिलीज यांच्यासमोर असे शेकडो चेहरे आले. त्यांनी बरगडीची कूर्चा आधी कपाळाच्या कातडीखाली पुरून ठेवली, ती तिथे रुजल्यावर कपाळाची कातडी कूर्चेसह खाली वळवली, आणि आतल्या अस्तराचीही सोय केली. पुण्याजवळच्या कुंभाराच्या कपाळपट्टीला सव्वाशे वर्षांनी कणा मिळाला.

युद्धानंतर गिलीज यांना दुसऱ्याच प्रकारच्या नाकांनी विचारात पाडले. उपदंशाने बसलेल्या नाकांत बाहेरची कातडी गेलेली नसते. आतले अस्तर आणि कूर्चा खाल्ली गेलेली असते, आणि अस्तर आक्रसून कातडीला आत ओढून धरते. कपाळावरून आणखी कातडी आणून उपयोग नाही. आतून मार्ग मोकळा करून तिथे नवे अस्तर लावले, की बाहेरची कातडी आपोआप उलगडते. 1923 मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. कापलेल्या नाकाचे हे अगदी उलटे रूप होते: कावसजीचे बाहेरचे गेले होते, इथे आतले.

कुष्ठरोगातही नेमके हेच होते. त्याचे जंतू शरीरातल्या थंड जागा पसंत करतात, आणि श्वासाच्या हवेने सतत थंड होणारे नाकाचे आतले अस्तर त्यांना सोयीचे. पडद्याची कूर्चा झिजते, नाक बसते. रोग औषधाने बरा झाला तरी बसलेले नाक माणसाला रस्त्यात ओळख देते, आणि गाव त्याला परत घेत नाही. इंग्लंडमध्ये गिलीज यांच्याकडे शिकलेले नोशिर अंटिया भारतात परतले आणि 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात या रोग्यांवर शस्त्रक्रिया करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. गिलीज यांची आतून अस्तर लावण्याची पद्धत कुष्ठरोग्यांच्या नाकांसाठी वापरली गेली. पुण्याहून निघालेली विद्या लंडनला जाऊन, दोन शतकांत दोन थर मिळवून, पुण्याच्या वेशीवर परत आली होती.

*

कावसजीचे चित्र आज पुस्तकांतून आणि शल्यविशारदांच्या व्याख्यानांतून जगभर दिसते. डोक्याला पागोटे, कपाळावर व्रणाची खूण आणि शांत चेहरा. नाक चांगले जमले आहे. जेम्स वेल्सने जे पाहिले ते प्रामाणिकपणे काढले. नाकपुड्यांच्या आतले चित्रकाराला दिसणार नव्हते, आणि पत्रलेखकाला विचारावेसे वाटले नाही. नाक टिकाऊ आहे आणि जवळजवळ अस्सल दिसते, एवढे त्याने नोंदवले. त्या गाडीवानाला श्वास कसा येत होता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

एका माणसाला मात्र त्याची काळजी होती. कात आणि तूप, मेणाचा पत्रा आणि कपाळाची पट्टी यांच्या गर्दीत त्याने दहाव्या दिवशीच्या मऊ कापडाची आठवण ठेवली होती. कूर्चेचे शास्त्र त्याच्याजवळ नव्हते. उघडे राहिले नाही तर ते नाक नव्हे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. पुढच्या दोनशे वर्षांत शास्त्राने त्या कापडाच्या जागी अस्तर आणि कूर्चा आणली. आज ‘नाकाचे हाड’ घेऊन शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाने, किंवा नाकाचा आकार बदलून घेऊ पाहणाऱ्या मुलीने, डॉक्टरांना विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे, जो त्या निनावी कुंभाराने स्वतःला विचारला होता: वाट उघडी राहील ना?